राजदूत ३५०चा एअरबॉक्स: डबा आधी, जेट नंतर

तुमची अडचण थोडक्यात अशी: १९८६ची राजदूत ३५० मोटरसायकल, मूळ एअरबॉक्स (कार्बोरेटरच्या मागचा हवेचा डबा) आधीच्या मालकाने काढून टाकलेला, दोन्ही कार्बोरेटरना डब्याऐवजी एकेक उघडा कोन फिल्टर. आयडलिंगला जरा फटफटते, साडेचार-पाच हजारांच्या पुढे अडखळते, आपल्या सोलापूरच्या पुणे रोडला मोकळ्या वाऱ्यात एक दिवस छान धावते तर दुसऱ्या दिवशी नाही, आणि डावा प्लग पांढरा येतो. जुना डबा मिळत नाही. स्वतः बनवायचा तर केवढा, कशाचा आणि जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) कोणते, असं विचारलंय. शिवाय दोन लिटरचा ऑइलचा कॅन कापून चालेल का, हेही.

कॅनचं उत्तर लगेच देतो: नाही. का नाही, ते पुढे आकड्यांत येईल.

पण डब्याला हात लावायच्या आधी तो पांढरा डावा प्लग. या इंजिनात अल्टरनेटर डाव्या बाजूला आणि क्लच उजव्या बाजूला आहे. उजवं क्रँक सील (क्रँकच्या टोकाची रबरी कडी) गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर सोडते, म्हणजे निदान बोंब तरी मारते. डावं सील कोरड्या बाजूला. ते गेलं की नुसती हवा आत येते, धूर नाही, वास नाही, फक्त डावा सिलिंडर लीन होत जातो (हवा जास्त, पेट्रोल कमी; याच्या उलट ते रिच) आणि एक दिवस पिस्टन पकडतो. पस्तीस-चाळीस वर्षं जुन्या गाडीत हे पहिल्यांदा बघायचं. इनटेक आणि सायलेन्सरचं तोंड रबरी बुचाने बंद करा, प्लगच्या भोकातून ६ पीएसआयच्या आसपास हवा भरा आणि काही मिनिटं काटा टिकतो का पाहा. माझ्याकडे यासाठी डॉक्टरांचं जुनं बीपीचं यंत्र आहे, फुगा आणि काट्याचं घड्याळ. त्यावर ३०० मिमी म्हणजे जवळपास ६ पीएसआयच. काटा घसरत असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा कुठून येतो ते दिसेल. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या, कारण या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचं क्रँककेस स्वतंत्र आहे. सील गळत असताना डबा बनवून जेट लावत बसलात तर उन्हाळा संपेल, गाडी लागणार नाही.

आता डबा. लोक त्याला फिल्टर ठेवायची पेटी समजतात आणि तिथेच सगळं चुकतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वर चढतं ते दोन दाबांतल्या फरकामुळे. फ्लोट बाउलवर, म्हणजे कार्बोरेटरच्या तळच्या पेट्रोलच्या वाटीवर, व्हेंटच्या नळीतून बाहेरचा दाब असतो, आणि व्हेंचुरीत, म्हणजे हवा जाते त्या अरुंद गळ्यात, सुईपाशी, दाब कमी असतो. मागे डबा लावला की डब्यातलाच दाब बाहेरच्यापेक्षा थोडा उतरतो, आणि तो उतार पेट्रोल ओढणाऱ्या फरकात जाऊन मिळतो. कंपनीने जेट ठरवले ते हा जादा ओढा धरून. डबा काढला की ओढा गेला, पेट्रोल कमी पडलं, वरच्या आरपीएमला गाडी लीन. फिल्टर चोंदला की गाडी काळा धूर का सोडते याचंही उत्तर हेच: डब्यातला दाब आणखी उतरतो आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं.

कोन फिल्टरची गंमत आणखी वेगळी. या गाडीच्या मिकुनी कार्बोरेटरच्या तोंडाशी खालच्या कडेला एअर जेटची बारीक भोकं असतात. स्वस्त कोनची रबरी कड आत वळलेली असते आणि ती नेमकी या भोकांवर बसते. हवा बंद, पायलट (आयडलिंगचं छोटं जेट) रिच. मग खाली रिच आणि वर लीन अशी खिचडी होते. तुमचं आयडलिंगचं फटफटणं मला त्यातलंच वाटतं. कोन काढून आरशात बघा, भोकं झाकली जातायत का. शिवाय उघडे कोन सिलिंडरच्या मागच्या गरम हवेत आणि आडव्या वाऱ्यात बसतात. पुणे रोडला एक दिवस पळते, एक दिवस नाही, याचं कारण तिथे शोधा.

आकाराचा हिशेब करू. इंजिन ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एकदा श्वास. ७५०० आरपीएमला पूर्ण भरणं धरलं तर मिनिटाला २६०० लिटर, प्रत्यक्षात त्यातले ऐंशी टक्के धरा, म्हणजे सेकंदाला साधारण ३५ लिटर हवा. कार्बोरेटरचं भोक आधी व्हर्नियरने मोजून घ्या, कारण इतक्या वर्षांत कुणी काय बदललंय सांगता येत नाही. मी २८ मिमी धरतो. एकाचं क्षेत्रफळ ६.२ चौरस सेमी, दोघांचं साडेबारा. डब्यात हवा शिरायच्या तोंडाचं क्षेत्रफळ याच्या दीडपट तरी हवं, म्हणजे १८ ते २०. तेवढ्यात हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आत राहतो आणि गळा आवळला जात नाही. ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे घेतले, आतला व्यास ३६च्या आसपास, की वीस चौरस सेमी जमतात. माझ्या बहुतेक डब्यांना हेच दोन तुकडे आहेत. दिसायला गरीब, पण हवे तेव्हा कापता येतात, बदलता येतात, आणि ते बदलता येणं पुढे फार कामाला येतं.

डब्याचं पोट आणि हे पाइप मिळून बाटलीसारखं वाजतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुमतं ना, तेच. पोट मोठं किंवा मान लांब केली की स्वर खाली येतो, मान रुंद केली की वर जातो. साडेचार लिटरचा डबा, वरचे दोन पाइप, लांबी ८० मिमी. हवा पाइपच्या टोकांबाहेरही थोडी हलते, त्यामुळे मी लांबी १०६ धरतो. स्वर येतो ११३ हर्ट्झच्या आसपास. या इंजिनाचा क्रँक १८० अंशांचा, दोन्ही सिलिंडर आळीपाळीने ओढतात, म्हणजे फेऱ्याला दोन झटके. ११३ हर्ट्झ म्हणजे ३४०० आरपीएम. ही गाडी खरी जागी होते साडेपाच हजारांच्या आसपास, त्यामुळे तो घुमारा खाली सुटून गेलेला बरा.

आता तुमचा ऑइलचा कॅन घ्या. बूट (कार्बोरेटर डब्याला जोडणाऱ्या रबरी नळ्या) आणि फिल्टर बसवून आत खरी जागा उरली दीड लिटर. पाइप तेच. स्वर चढून १९६ हर्ट्झवर गेला, म्हणजे ५९०० आरपीएम. नेमकं जिथे गाडी उचलायला लागते तिथेच डब्यातली हवा पुढे-मागे डोलणार. अशा ठिकाणी गाडी एक तर उसळते किंवा अडखळते, आणि कुठलाही जेट टाकला तरी तो खड्डा पूर्ण भरत नाही. म्हणून नियम एकच: जागेत बसेल तेवढा मोठा डबा. चार लिटरच्या खाली मी जात नाही. आवाजाच्या लाटेला फोम फारसा अडवत नाही, त्यामुळे फिल्टरच्या अलीकडची आणि पलीकडची जागा मिळून पोट मोजा. मोजायचं कसं, तर पाइपची आणि बुटांची तोंडं बंद करून डब्यात मापाने पाणी ओता. कागदावरचा आकडा आणि लिटरचं माप यांत नेहमी अर्ध्या लिटरचा तरी फरक निघतो.

आधी पुठ्ठ्याचा डबा. आपल्याकडे चादरींच्या आणि टॉवेलच्या खोक्यांचा जाड पुठ्ठा कुठल्याही दुकानाच्या मागे मिळतो, तो घ्या. सीट काढा, बॅटरी, ऑइलची टाकी, वायरिंग सगळं जागेवर ठेवा आणि मग पुठ्ठा कापत, चिकटवत मधल्या पोकळीत बसवा. मागचा शॉकॲब्सॉर्बर पूर्ण दाबला की चाक वर कुठवर येतं ते बघायला विसरू नका. दोन माणसं बसवून दाबा. आणखी एक बघा: डबा लावल्यावर कार्बोरेटर बाहेर काढता येतात का? मी एकदा इतका घट्ट डबा केला की जेट बदलायला प्रत्येक वेळी मागचा मडगार्ड सोडायला लागायचा. आतल्या बाजूला कार्बोरेटरच्या तोंडासमोर किमान एक तोंडभर, म्हणजे २८-३० मिमी तरी मोकळी जागा हवी. समोर लगेच भिंत आली तर ती बाजू कमी हवा घेते आणि दोन सिलिंडर कधीच सारखे लागत नाहीत.

कशाचा करायचा? फायबरची हौस सगळ्यांना असते. फायबरचा डबा छान होतो, पण साच्यासाठी थर्माकोल घेतलात तर पॉलिस्टर रेझिन तो साचाच खाऊन टाकतं. शाडूचा साचा करा, त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, मग थर द्या. मला स्वतःला २० गेजचा जीआय पत्रा बरा वाटतो. सोलापुरात उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरच्या बॉडी करणारे कारागीर आहेत, त्यांच्या हातात हे काम अर्ध्या दिवसाचं. पुठ्ठ्याचा नमुना द्या, सांधे लॉक मारून आतून डाख द्यायला सांगा, आणि मोठ्या सपाट बाजूंवर तिरका क्रॉस मारून घ्या, नाही तर पत्रा ढोलासारखा वाजतो. जीआयला वेल्डिंग करू देऊ नका. जस्ताचा धूर त्या माणसाच्या छातीत जातो आणि सांधा गंजतो तो वेगळाच. ॲल्युमिनियम हलकं असतं, एमआयडीसीत आर्गन वेल्डिंग करणारे आहेतच, पण पातळ ॲल्युमिनियम या इंजिनाच्या थरथरीत वेल्डच्या कडेने तडकतं. करायचंच तर दीड मिमीच्या खाली नको.

डबा फ्रेमला तीन ठिकाणी, तिन्ही ठिकाणी रबरी ग्रोमेट घालून. कार्बोरेटरवर त्याचं वजन पडता कामा नये. बूट लावल्यावर डबा हाताने हलवून बघा, कार्बोरेटर ओढले गेले तर बूट लहान किंवा वाकडे आहेत. बुटांसाठी रेडिएटरच्या पाइपचा तुकडा वापरू नका, ते रबर पेट्रोलने फुगतं. पेट्रोल सोसणारं नायट्राइल रबर घ्या, आणि कुठलंही रबर किंवा फोम बसवायच्या आधी त्याचा तुकडा रात्रभर पेट्रोलच्या बाटलीत ठेवा. सकाळी फुगलेला, मऊ, चिकट निघाला तर फेकून द्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं काही त्यात असेल, पण जुन्या रबरला ते मानवत नाही.

सिलिकॉनचं माझं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, माझ्याच गाडीवर, पहिला डबा केला तेव्हा सांधे आतून सिलिकॉन सीलंटने भरले. बोटाने फिरवून गुळगुळीत केलं, देखणं काम. दोन महिन्यांनी डावा सिलिंडर आयडलिंगला काळं ओकायला लागला, प्लग ओला. मी तीन दिवस पॉइंट, कंडेन्सर, कॉइल बदलत बसलो. चौथ्या दिवशी बूट काढला तर एअर जेटच्या भोकात शेवईएवढी पांढरी पट्टी अडकलेली. टू-स्ट्रोकमध्ये रीड वाल्व (उलटी हवा अडवणारी पातळ झडप) असूनही पेट्रोल-ऑइलची थोडी वाफ मागे डब्यात येतेच. तिने सिलिकॉन फुगवलं, सुटवलं, आणि ओढ्याने ते नेमकं तिथे नेऊन बसवलं. तेव्हापासून कार्बोरेटरच्या बाजूला डब्यात चिकटवलेलं काही नसतं. डाख, रिबीट आणि बाहेरून क्लॅम्प, बस्स. ती वाफ थंड होऊन तळाशी साचते, म्हणून सगळ्यात खालच्या कोपऱ्यात पाच मिमीचं भोक आणि त्याला बुच लावलेली नळी ठेवा. महिन्याने बुच काढलंत की चमचाभर काळं तेल निघेल.

कागदी फिल्टर याच वाफेने ओला होऊन बसतो, म्हणून फोम. सोफ्याचा फोम नाही. ज्याच्यातून फुंकर आरपार जाते तो उघड्या छिद्रांचा फोम, १२ बाय २२ सेमीपेक्षा लहान नको, मागे जाळी. त्याला ९० नंबरचं गिअर ऑइल पेट्रोलमध्ये पातळ करून चोळा, दाबून जादा काढा आणि पेट्रोल उडेपर्यंत बाहेर ठेवा. धुताना पिळू नका, दाबा. आता आपल्या गावाची खास गोष्ट. पूर्व भागात यंत्रमागाच्या गल्ल्यांत राहणाऱ्या एकाची गाडी दर महिन्याला माझ्याकडे येते. पंधरा दिवसांत फोमच्या तोंडावर तुसाचा असा थर बसतो की नखाने उचलला तर नमद्यासारखा अख्खा निघतो. धूळ फोमच्या आत जाते, तूस वरच बसतं आणि सगळं बंद करतं. त्याच्या डब्याला मी पाइपच्या तोंडावर मच्छरदाणीची बारीक जाळी क्लॅम्पने लावून दिली. तो रोज सकाळी बोटाने पुसतो. जाळी हवा थोडी अडवते, म्हणून त्याचे पाइप एक आकार मोठे. पाइपचं तोंड सीटखाली, पुढे-वर करून ठेवा. मागच्या चाकाकडे नको, सिलिंडरकडेही नको.

डबा बसला की त्याचा ओढा मोजा. हे कुणी करत नाही आणि दहा रुपयांत होतं. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, यू आकारात टाकीच्या बाजूला चिकटवा, अर्धी रंगीत पाण्याने भरा. एक टोक उघडं, दुसरं डब्याला लावलेल्या निपलला. मध्ये फिश टँकचा छोटा नळ लावून जवळजवळ बंद ठेवा, नाही तर झटक्यांनी पाणी नाचत राहतं. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिल्यावर दोन बाजूंच्या पातळीत किती फरक पडतो ते मागे बसलेल्याने बघायचं, चालवणाऱ्याने नाही. १० सेमी पाणी म्हणजे बाहेरच्या दाबाच्या एक टक्का. तिथवर मी खूश असतो. १५च्या पुढे गेलं तर पाइप मोठे करा किंवा फिल्टर. आणि हा आकडा डब्याच्या आतल्या भिंतीवर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी परत मोजलात आणि १८ आला, तर फिल्टर धुवायचा झालाय, जेटला हात लावायचा नाही.

आता जेट. आधी दोन्ही स्लाइड (थ्रॉटलने वर जाणाऱ्या कार्बोरेटरमधल्या झडपा) एकाच क्षणी उचलतात का ते बघा. दोन्ही तोंडांत एकाच मापाच्या ड्रिल बिटचा दांडा स्लाइडखाली ठेवा आणि थ्रॉटल हळू फिरवा, दोन्ही दांडे एकदम सुटायला हवेत. मग मेन जेट मुद्दाम दोन-तीन पायऱ्या मोठा टाकून सुरुवात करा आणि खाली उतरा. टू-स्ट्रोकला रिचकडून लीनकडे यायचं, उलट नाही, कारण उलट्या वाटेत पिस्टन जातो. थ्रॉटलच्या पहिल्या अष्टमांशात पायलट, पावपर्यंत स्लाइडचा कट, पाव ते पाऊण सुई, त्यापुढे मेन. थ्रॉटलच्या ग्रिपवर पांढरी टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा, म्हणजे कुठे अडखळतं हे आरपीएमवर नाही तर थ्रॉटलवर कळेल. एकाच खुणेवर सगळ्या आरपीएमला अडखळत असेल तर जेटचं काम. थ्रॉटल कुठेही असो, एकाच आरपीएमला अडखळत असेल तर डब्याचं, म्हणून पाइपची लांबी बदला. हा एवढा फरक कळला की अर्धं काम झालं.

मेनसाठी नवा प्लग लावा, केगावच्या पुढे रस्ता मोकळा आणि सकाळ लवकरची असेल तेव्हा एक-दोन किलोमीटर पूर्ण थ्रॉटल, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद, कडेला थांबून प्लग बघा. पोर्सिलिनच्या अगदी तळाशी फिकट चॉकलेटी कडं दिसायला हवं. अर्ध्या थ्रॉटलवर भार टाकून बघायला तुळजापूरचा घाट चांगला.

पॉवर वाढेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. राजदूत ३५० दोन प्रकारांत यायची: हाय टॉर्क गाडीचे कंपनीचे साडेतीस बीएचपी, लो टॉर्कचे सत्तावीस. चांगला डबा तुम्हाला तेवढ्यापर्यंत परत नेईल, आणि मधला खड्डा गेल्यामुळे गाडी जास्त पळाल्यासारखी वाटेल. त्यापुढचं पोर्ट आणि सायलेन्सरचं काम.

आणि सेटिंग कधी करताय तेही बघा. मे महिन्यात ४३ अंशांत हवा पातळ असते, तेव्हा बरोबर लावलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांत चार-पाच टक्के लीन होते. इथेनॉलने तिला आधीच लीनकडे ढकललेलं असतं. म्हणून गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास, म्हणजे जानेवारीच्या थंडीत, एकदा सुईची क्लिप एक खाच खाली करून सुई वर घ्या, मेन एक पायरी मोठा टाका आणि प्लग परत बघा. मार्चमध्ये उलटं करा. काढलेले दोन्ही जेट टेपने डब्याच्या झाकणावर बाहेरून चिकटवून ठेवा, शोधायला लागत नाहीत.